दुपारचा पाहुणा

धाकटीची आई टेलिफोन ऑपरेटर होती. दुसऱ्या गावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगून ठेवायचा आणि मग फोनपाशी ताटकळत बसायचं, त्या काळातली. भिंतभर पसरलेला बोर्ड, त्यापुढे ओळीने बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन. इकडची वायर तिकडच्या भोकात खुपसली की दोन गावांतली दोन माणसं बोलायला लागत. कुणाला मुलगा झाला, कुणाचं जमलेलं लग्न फिसकटलं, कोण रुसलं, कोण कुणाची समजूत काढतंय, सगळं सुखदुःख त्या वायरींतून जायचं. प्रत्येक जोडाखाली एक किल्ली होती. बोलणं लागलं की ती वर करायची. मग ऑपरेटरला काही ऐकू येत नसे. आई ती न चुकता वर करायची.

वडिलांचा यावर विश्वास नव्हता. जेवताना ते डिवचायचे, "मग, आज काय खबर?"

"भाजी खारट झालीय, ही खबर."

"तसं नव्हे गं. काहीतरी कानावर पडलंच असेल की."

"पडलं असेल तर तिथेच पडलंय. उचलून घरी आणलं नाही."

लहानपणी धाकटीला याचा भारी राग यायचा. मैत्रिणींच्या आया शेजारपाजारच्या भानगडी किती रंगवून सांगायच्या, आणि आपली आई मात्र ताकास तूर लागू देत नाही. पुढे कॉलेजात असताना तिचं एका मुलावर मन बसलं, आणि त्याचं दुसरीकडे. ती आठ-दहा दिवस उशीत तोंड खुपसून रडली आणि शेवटी आईला सगळं सांगून मोकळी झाली. आईने ते वडिलांना सांगितलं नाही, दादाला नाही, स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही नाही. इतकंच काय, पुढे धाकटीपाशीसुद्धा त्याचा विषय कधी काढला नाही. तेव्हा कुठे तिला कळलं की गप्प बसणारी आई मिळणं हे केवढं भाग्य आहे.

वडील गेले. दादा शिकायला म्हणून परदेशी गेला तो तिकडचाच झाला; वहिनीही तिकडचीच मिळाली. धाकटीने लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला संसार मांडला. आई निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. एकटीने राहण्याबद्दल तिची कुरकूर कधीच नव्हती. "आयुष्यभर कानात माणसं घेऊन बसले होते," ती म्हणायची, "आता जरा शांतता भोगू दे."

धाकटी कामाला होती ती एका लहानशा कंपनीत. इमारतींच्या गेटवर बसवायची यंत्रणा ही कंपनी बनवायची. पूर्वी गेटवरचे मामा एका फाटक्या वहीत पाहुण्यांची नावं लिहून घेत. पाहुणा काहीतरी खरडायचा, मामा ते वाचायचेही नाहीत, आणि वही भरली की रद्दीत जायची. आता तिथे कॅमेरा लावलेला, पाटीएवढा एक पडदा आला. पाहुण्याने समोर उभं राहायचं, फोटो निघायचा, नाव टाकायचं, कुठल्या घरी जायचं ते सांगायचं. त्या घरच्या माणसाच्या फोनवर सूचना वाजायची. त्याने 'येऊ द्या' म्हटलं की फाटक उघडायचं.

धाकटीचं काम पडद्यावरच्या मांडणीचं. कुठलं बटण कुठे, कुणाला काय दिसावं, कुणाला काय कळावं, हे ती ठरवायची. कामात ती वाघ होती. साहेबांचा तिच्यावर जीव होता, कारण ती अडचण घेऊन कधी जायची नाही, उपाय घेऊन जायची.

एकदा बैठकीत प्रश्न निघाला: सूचना गेली आणि घरच्या माणसाने फोन उचललाच नाही तर? पाहुणा उन्हात उभा राहणार.

"मग सूचना घरातल्या सगळ्यांनाच पाठवू या," धाकटी म्हणाली. "कुटुंबातलं जे कोणी जोडलेलं असेल त्या सगळ्यांना. कुणी ना कुणी बघेलच."

"बाहेरगावी असेल त्यालाही?" कुणीतरी विचारलं.

"त्याला तर आधी. म्हातारे आईवडील एकटे असतात, मुलं लांब असतात. त्यांच्या जिवाला तेवढाच आधार."

सगळ्यांना पटलं. मग नोंदी किती दिवस ठेवायच्या असा विषय निघाला. कुणालाच नेमकं उत्तर देता येईना, तेव्हा साहेब म्हणाले, "काढायच्या कशाला? राहू देत. कधी लागतील सांगता येत नाही." तेही पटलं. आणि शेवटी धाकटीनेच एक शक्कल काढली. महिन्याच्या शेवटी घरच्या सगळ्यांना एक छानसं पान पाठवायचं: या महिन्यात आपल्याकडे किती पाहुणे आले, कुठल्या वेळेला जास्त आले, आणि सगळ्यांत जास्त वेळा कोण आलं, त्याच्या फोटोसकट. "लोकांना गंमत वाटेल," ती म्हणाली. साहेबांनी टेबलावर थाप मारली. त्या दिवशी ऑफिसात तिच्या नावाने केक कापला गेला.

आईच्या इमारतीत ही यंत्रणा बसली ती धाकटीच्याच शब्दावर. कमिटीचे सेक्रेटरी तिच्यावर बेहद्द खूश. हे सेक्रेटरी म्हणजे दिवसभर गेटपाशी खुर्ची टाकून बसणारे, प्रत्येकाला 'काय, कुठे निघालात?' विचारल्याशिवाय न सोडणारे गृहस्थ. यंत्रणेत कमिटीसाठी एक वेगळा दरवाजा होता. त्यातून सगळ्या इमारतीच्या नोंदी एका जागी बघता येत. सेक्रेटरींना तर आंधळ्याला डोळे मिळाल्यासारखं झालं.

दादाही खूश झाला. "मला जोड त्यात," तो फोनवर म्हणाला. "आईकडे कोण येतंजातं निदान कळेल तरी."

धाकटीने त्याला जोडलं, वहिनीला जोडलं, स्वतःलाही जोडलं. पण कामामुळे तिच्या फोनवर अशा चाचणीच्या सूचना दिवसभर वाजायच्या, म्हणून तिने स्वतःचा आवाज बंद करून टाकला होता.

यंत्रणा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. धाकटी आईकडे गेली होती. ओट्यापाशी उभी राहून आई चहाचं आधण बघत होती, आणि पाठ तशीच ठेवून तिने विचारलं, "अगं, त्या तुझ्या गेटच्या मशीनमधून माझं घर वगळता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वीसारखं. माणसाने यावं, जिना चढावा, बेल वाजवावी."

"असं एकाच घराला नाही गं वगळता येत. आणि वगळायचं कशाला? तुझ्या सोयीसाठीच आहे ते."

"फोटो कशाला काढतात पण?"

धाकटी हसली. "आई, तू काय चोरून माणसं बोलावतेस का घरी? लपवण्यासारखं काही नसलं तर बिघडतं कुठे?"

आईने चहा गाळला, कप तिच्या पुढ्यात ठेवला, आणि विषय बदलला. धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. त्या एका वाक्याने पुढे तिचा किती जीव जाळला, ते तिचं तिलाच ठाऊक.

आईकडे दुपारी एक पाहुणे येत. चौकापलीकडच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकान आता पुतण्या बघायचा, हे नावाला जाऊन बसायचे. आईचा नंबर वाढला तेव्हा त्यांनीच तिचा चष्मा करून दिला होता, आणि तो नाकावर नीट बसत नाही म्हणून आईने तो तीनदा दुकानात परत नेला होता. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, चष्म्यात दोष नाही, तुमच्या नाकातच नखरा आहे." त्यावर आई इतकी हसली की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ओळख अशी झाली.

पुढे ते दुपारचं जेवण उरकून आईकडे यायला लागले. दारात उभे राहून म्हणायचे, "हॅलो ऑपरेटर, लाइन मिळेल का?" आतून आई म्हणायची, "लाइन बिझी आहे, थांबा," आणि पदराला हात पुसत दार उघडायची. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं हे त्यांचं काम. आईला बारीक अक्षरं लागत नसत, म्हणून ते वाचायचे आणि ती सांगायची. त्यांचं शुद्धलेखन बेताचं. ऱ्हस्वदीर्घावरून त्यांची रोज भांडणं व्हायची, आणि एकाचं आडवं उत्तर दुसऱ्याच्या उभ्या उत्तरात अडकलं की दोघंही हट्टाला पेटायचे. मग चहा व्हायचा. ऊन कलायला लागलं की चष्मेवाले उठून जायचे. एवढंच होतं ते. पण धाकटीला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं, दादाला तर नव्हतंच. आईने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय, असंच तिला वाटलं असेल.

महिना संपला आणि धाकटीने सुचवलेलं ते छानसं पान सगळ्यांच्या फोनवर गेलं. रंगीत चौकट, वर फुगे. 'या महिन्यातले आपले सर्वांत आवडते पाहुणे', खाली चष्मेवाल्यांचा गेटवरचा फोटो, आणि येण्याजाण्याच्या वेळांची पट्टी.

वहिनीने ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. वाईट हेतूने नाही. ती मुळात थट्टेखोर. खाली लिहिलं, 'सासूबाई, हे कोण बरं?' आणि हसरा चेहरा. मावशीने लगेच विचारलं, 'कोण गं हे? मला कधी बोलली नाहीस.' मावशीच्या सुनेने डोळा मारणारा चेहरा टाकला. आईने काहीच लिहिलं नाही. धाकटीने ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये वाचलं, तिलाही हसू आलं, आणि उतरायची घाई होती म्हणून तिने फोन पर्समध्ये टाकला.

दादाने मात्र आईला फोन लावला. इकडे दुपार झाली की त्याच्याकडे सकाळ होत असे. रोज सकाळी त्याच्या फोनवर त्याच माणसाचा फोटो येत होता आणि इतके दिवस तो कामाच्या रगाड्यात तिकडे लक्ष देत नव्हता. आता त्याने मागच्या सगळ्या नोंदी उघडून पाहिल्या.

"आई, हा माणूस रोज येतो? दोन-दोन तास बसतो? करतो काय?"

"कोडं सोडवतो."

"कोडं! आई, जग फार वाईट आहे. एकट्या बाईला गाठतात, गोड बोलतात आणि घर लिहून घेतात. घराचे कागद कुठे आहेत तुझे?"

आई म्हणाली, "कपाटात आहेत. तू आलास की मोजून घे." आणि फोन ठेवला.

खाली गेटवर सेक्रेटरींना तर विषयच मिळाला. चष्मेवाले कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की ते खुर्चीतून म्हणायचे, "आज अर्धा तास उशीर झाला, शेठ. वर काळजी लागली असेल." एकदा चार माणसांत म्हणाले, "आमच्याकडे तुमचा रेकॉर्ड आहे हं, एक खाडा नाही." माणसं हसली. त्यांतला एक चष्मेवाल्यांच्या मुलाच्या ओळखीचा निघाला. मग त्या घरातही बोलणं झालंच असणार. काय झालं ते आईला कधी कळलं नाही.

एका दुपारी चष्मेवाले आले ते दारात काही न बोलता उभे राहिले. आईने आत बोलावलं. ते बसले नाहीत. म्हणाले, "बाई, थोडे दिवस मी येत नाही. घरी सुनेला ऐकून घ्यावं लागतं. मला काही नाही, मी गेंड्याच्या कातडीचा. पण तुमचं नाव लोकांच्या तोंडी नको."

"थोडे दिवस म्हणजे किती?" आईने विचारलं.

"बघू. लोक विसरतील."

लोक विसरलेही असते कदाचित. पण नोंदी विसरत नव्हत्या. पुढच्या महिन्याच्या पानावर पुन्हा तेच आवडते पाहुणे आले, कारण महिन्याच्या सुरुवातीचे दिवस हिशेबात धरले होते.

हे सगळं धाकटीला कळलं ते फार उशिरा. मधले काही महिने ती यायची, जायची, आई बारीक झालीय म्हणून टॉनिक आणून द्यायची. मग एकदा तिचं लक्ष गेलं की आईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे.

"हे काय गं? नीट करून का घेत नाहीस?"

"दुकान बंद आहे."

"मग दुसऱ्या दुकानात जाऊ. चल, आत्ताच जाऊन येऊ."

"नको."

"अगं, दोरा काय बांधून फिरतेस? लोक म्हणतील मुलगी बघत नाही."

आणि आई एकदम रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती माणसांसमोर अशी रडली नव्हती. तोंडावर पदर, खांदे गदगदताहेत, आणि आवाज नाही. धाकटी घाबरून गेली. पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. मग जरा वेळाने आई तुकड्यातुकड्याने बोलली. कोड्याचं, दारातल्या थट्टेचं, दादाच्या फोनचं, गेटवरच्या हसण्याचं. आणि शेवटचंही. काडी मोडली म्हणून ती दुकानात गेली, तर दार बंद आणि दाराला पुतण्याने चिकटवलेला कागद. चष्मेवाल्यांना जाऊन तोवर दहावा दिवस होता. त्याआधी ते बरेच दिवस हॉस्पिटलात होते. हॉस्पिटल आईच्या घरापासून चालत जाण्यासारखं.

"मला कुणी कळवलं नाही," आई म्हणाली. "कोण कळवणार? मी त्यांची कोण?"

धाकटी म्हणाली, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस? यात लपवण्यासारखं काय होतं?"

"लपवण्यासारखं नव्हतंच गं. दाखवण्यासारखंही नव्हतं. आमचं होतं, एवढंच." मग डोळे पुसत ती म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी. माझं घर वगळ म्हणून."

दुसऱ्या दिवशी धाकटी ऑफिसात गेली ती तडक साहेबांच्या खोलीत. या वेळी अडचण घेऊन. सूचना फक्त त्या घरात राहणाऱ्या माणसाला जावी; दुसऱ्या कुणाला जोडायचं की नाही ते त्याने स्वतः ठरवावं. फोटो काढूच नये. कमिटीला घराघरातल्या नोंदी दिसू नयेत. पाहुणा परत गेला की नोंद आपोआप पुसली जावी. महिन्याचं पान बंद.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हे सगळं तुमच्याच डोक्यातून निघालेलं आहे. आणि लोकांना आवडतंय. ज्याला नको असेल त्याने बंद करावं. तसं बटण देऊ."

"बटण कुठे असतं ते मी ठरवते, साहेब. सातव्या पानावर, बारीक अक्षरात. माझ्या आईला बारीक अक्षरं लागत नाहीत."

"मग गेटवरच्या लोकांना शिकवू, की असं कुणाचं बघू नये, बोलू नये."

"सेक्रेटरींना कोण शिकवणार?" ती म्हणाली. मग तिने त्यांना एक्स्चेंजच्या बोर्डाचं सांगितलं. "तिथल्या बायका काय सगळ्या देवमाणसं होत्या का? पण बोर्ड करणाऱ्याने किल्ली दिली होती. ऐकू न येण्याची सोय बोर्डातच होती. आपण बोर्ड केला आणि किल्ली द्यायचीच विसरलो. मी विसरले."

साहेब माणूस वाईट नव्हते, पण लगेच हो म्हणणाऱ्यांतलेही नव्हते. वाद बरेच महिने चालला. नोंदी जाणार म्हणून जुन्या इमारती कुरकुरल्या, दोन-तीन इमारतींनी यंत्रणा काढून टाकली. धाकटी आणि तिच्या हाताखालची माणसं जुने धागे उसवत बसली, तेव्हा तिला कळलं की गोळा करणं किती सोपं आणि पुसणं किती जिकिरीचं. नोंद एका ठिकाणी नव्हतीच. मूळ ठिकाणी होती, राखीव साठ्यात होती, कमिटीच्या अहवालात होती, कुणीतरी चाचणीसाठी काढून ठेवलेल्या प्रतींत होती. आणि जे पान वहिनीने ग्रुपवर टाकलं होतं, मावशीने आणखी कुणाला पाठवलं होतं, त्यावर तर कुणाचाच हात चालत नव्हता.

शेवटी साहेबांनी एक गोष्ट तरी मान्य केली: घरच्या माणसाने सांगितलं तर त्याच्या घराच्या सगळ्या नोंदी मुळापासून पुसायच्या. पहिलं घर आईचं घ्यायचं ठरलं. त्या कामासाठी धाकटीला त्या नोंदी उघडाव्या लागल्या, आणि पडद्यावर चष्मेवाल्यांचे फोटो ओळीने उमटले. छत्री घेतलेले, टोपी घातलेले, घामेजलेले, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. शेवटच्या काही फोटोंत गळ्याची हाडं वर आलेली. धाकटीने त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती बघत राहिली. मग आपण हेही बघायला नको होतं, असं वाटून तिने पडदा मिटला.

संध्याकाळी ती आईकडे गेली. म्हणाली, "आई, पुसायच्या आधी विचारायला आले. त्यांचे फोटो आहेत त्यात. तुझ्याकडे त्यांचा एखादा फोटो आहे?"

"नाही. कशाला असेल?"

"तुला हवे असतील तर मी काढून देते. फक्त तुला. मग बाकी सगळं पुसते."

आईचे हात मांडीवर होते. तिने एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरला.

"तू पाहिलेस?"

"हो. पाहावे लागले."

"कसे दिसतात त्यात?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. हसरे दिसतात, असं म्हणता आलं असतं. "अवघडलेले," ती म्हणाली. "चोरी पकडल्यासारखे उभे आहेत. सगळ्या फोटोंत तसेच."

आईने मान हलवली. "वर आले की असे नसायचे. जिना चढून धापा टाकत असायचे आणि तशातही काहीतरी वात्रट बोलायचे." मग तिने विचारलं, "फोटो काढताना त्यांना कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग मी कशी घेऊ? पुसून टाक."

"सगळे?"

"सगळे." आणि मग म्हणाली, "पुसलेस की मला सांगू नकोस. उगाच त्या दिवसाला तारीख लागेल."

धाकटीने पुसले. साठ्यातले, प्रतींतले, जिथे जिथे सापडले तिथले. चष्मेवाल्यांचा चेहरा त्या यंत्रणेतून गेला.

पुढे नवी यंत्रणा निघाली, ती धाकटीच्या म्हणण्याप्रमाणे बरीचशी, अगदी सगळी नाही. नव्या इमारतींचे लोक कधी कधी विचारतात, गेल्या महिन्यात कोण आलं होतं ते कसं बघायचं? धाकटी सांगते, बघता येत नाही, आम्ही ठेवतच नाही. काही जण नाराज होतात. का ठेवत नाही, हे ती सांगत बसत नाही.

दादा पुढच्या सुट्टीत आला तेव्हा आईसाठी महागातला चष्मा घेऊन आला. त्याच्या परीने ती माफीच होती. आईने तो घातला, "छान दिसतंय," म्हणाली, त्याच्या आवडीचं जेवण केलं आणि त्याला हसत निरोप दिला. घराच्या कागदांचा विषय दोघांनीही काढला नाही.

धाकटीलाही आईने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटलं. आई तिच्याशी नीट बोलायची, तब्येत सांगायची, जावयाची चौकशी करायची. पण मनातलं म्हणून जे काही असतं ते आता दाराच्या आतच राहायचं. एकदा धाकटीने धीर करून वर्तमानपत्र पुढे ओढलं, "कोडं सोडवू या का?" म्हणाली. आईने ते हळूच घडी घालून बाजूला ठेवलं. "नको गं. तुझी घाई असते." तशी तिला त्या दिवशी काही घाई नव्हती.

हल्ली आठवड्यातून एकदा ती ऑफिसातून लवकर निघून दुपारीच आईकडे जाते. पूर्वी ती दार ढकलून, हाका मारत थेट आत शिरायची. आता बेल वाजवते आणि बाहेर थांबते. कधी कधी बराच वेळ थांबावं लागतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मग मोरीतला नळ सुटतो, तोंडावर पाणी मारल्याचं ऐकू येतं. मग आई दार उघडते आणि म्हणते, "आलीस? ये. जरा डुलकी लागली होती."

"हो का," धाकटी म्हणते, आणि चप्पल काढायला खाली वाकते.